‘संगणकासाठी योग्य भाषा’ ही समजूत आणि एस्पेरान्तोचा अनुभव

१/२४
‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा असून नासाने ते सिद्ध केले आहे’ हा संदेश समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागतो. त्यामागे एक गृहीतक दडलेले असते: ज्या भाषेचे व्याकरण काटेकोर, ती यंत्राला आपोआप उमगते. या गृहीतकाची प्रत्यक्ष परीक्षा विसाव्या शतकात होऊन गेली आहे. परीक्षेला बसलेली भाषा संस्कृत नव्हती. ती होती एस्पेरान्तो. त्या परीक्षेची ही हकिकत. #धागा #इतिहास

२/२४
आधी त्या संदेशाचे मूळ पाहू. १९८५ साली ‘एआय मॅगझिन’ या नियतकालिकात रिक ब्रिग्ज यांचा लेख आला. ते नासाच्या एम्स संशोधन केंद्राशी संलग्न संस्थेत काम करीत. संस्कृत वैयाकरणांची वाक्यार्थ उलगडून मांडण्याची पद्धत आणि संगणकशास्त्रातील ज्ञान मांडण्याची एक पद्धत यांत साम्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. लेख विचारप्रवर्तक होता. पण ‘नासा संस्कृतमध्ये संगणक चालवते’ असे त्यात कुठेही नव्हते.

३/२४
त्याच १९८५ साली नेदरलँड्समधील उत्रेख्त शहरात एक संगणक कंपनी खरोखरच एका नियमबद्ध भाषेला यंत्राच्या पोटात बसवण्याच्या कामात गुंतली होती. ती भाषा जेमतेम शंभर वर्षांची होती आणि तिचा जन्मदाता नेत्रवैद्य होता. उत्रेख्तमधील प्रयोग समजण्यासाठी त्या नेत्रवैद्याच्या पहिल्या पुस्तकापर्यंत मागे जावे लागते.

४/२४
लुडविक झामेनहॉफ यांचा जन्म १८५९ चा, रशियन साम्राज्यातील बियाविस्तोक या गावचा. गावात यिडिश, पोलिश, रशियन आणि जर्मन बोलणारे समाज शेजारी राहत आणि एकमेकांकडे संशयाने पाहत. ज्यू कुटुंबातील या मुलाच्या मनाने घेतले की, कोणाचीही मातृभाषा नसलेली एक सामाईक भाषा असेल तर कोणालाच कोणापुढे मान तुकवावी लागणार नाही. १८८७ च्या जुलैत वॉर्सा येथे ‘डॉक्टर एस्पेरान्तो’ या टोपणनावाने त्यांनी चाळीस पानांचे पुस्तक काढले. टोपणनावाचा अर्थ ‘आशा बाळगणारा’. पुढे तेच भाषेचे नाव झाले.

५/२४
पुस्तकात व्याकरणाचे अवघे १६ नियम होते आणि सोबत सुमारे ९०० शब्दमुळांची एक घडीची पत्रिका. तिला किल्ली म्हटले जाई. नाम ‘ओ’ने संपते, विशेषण ‘आ’ने, नियमाला अपवाद नाही. ‘फ्रातो’ म्हणजे भाऊ. त्यात स्त्रीवाचक ‘इन्’ घातला की ‘फ्रातिनो’ म्हणजे बहीण. ‘माल’ हा उलट अर्थ देतो, ‘सान’ म्हणजे निरोगी, ‘उल’ म्हणजे व्यक्ती, ‘एय’ म्हणजे जागा. हे सारे जोडून ‘मालसानुलेयो’: आजारी माणसांची जागा, रुग्णालय. आपला ‘रुग्णालय’ हा शब्दही अशाच जोडकामाने बनला आहे.

६/२४
झामेनहॉफ यांची खरी युक्ती या किल्लीत होती. ही भाषा मुळीच न शिकलेल्या परदेशी माणसाला तिच्यातून पत्र लिहावे, शब्दांचे घटक लहान खुणांनी वेगळे करावेत आणि त्या माणसाच्या भाषेतील किल्ली पाकिटात घालावी. त्याने एकेक घटक किल्लीत शोधायचा, अर्थ जुळवायचे आणि पत्र वाचायचे. १८८७ सालीच रशियनखेरीज पोलिश, फ्रेंच आणि जर्मन आवृत्त्याही निघाल्या.

७/२४
शब्द फोडणे, घटक कोशात शोधणे, अर्थ पुन्हा सांधणे: आजची भाषांतर-साधने रचणाऱ्याला ही तीन पावले चांगलीच परिचित आहेत. एस्पेरान्तो वाचण्याचे पहिले साधन म्हणजे घडी घातलेला एक कागद आणि ते चालवणारा संगणक म्हणजे पत्र हाती पडलेला माणूस. या दृष्टीने एस्पेरान्तो ही वाचनसाधनासह जन्मलेली भाषा म्हणावी लागेल.

८/२४
मात्र खुणा काढून टाकल्या की पहिली ठेच लागते. ‘कोलेगो’ म्हणजे सहकारी. पण ‘कोल’ (मान), ‘एग’ (मोठेपणा दाखवणारा प्रत्यय) आणि ‘ओ’ असे फोडले तर तोच शब्द ‘भली मोठी मान’ होतो. ‘सेन्तेमा’ म्हणजे संवेदनशील. वेगळ्या जागी तोडला की ‘विषयाविना’. दोन्ही फोडी नियमाला धरून आहेत. कोणती घ्यायची, हे सोळांपैकी एकही नियम सांगत नाही.

९/२४
मराठी वाचकाला येथे सातवाहन राजाची गोष्ट आठवेल. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ती आहे. जलक्रीडेत राणीने पाणी उडवू नका, असे संस्कृतात सांगितले. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी होऊन ‘मोदकैः’ झाले आणि राजाने मोदक मागवले. व्याकरणाच्या दृष्टीने राजाने केलेली फोड अशक्य नव्हती. पाण्यात उभी असलेली राणी मोदक कशाला मागेल, हे मात्र व्याकरणाबाहेरचे ज्ञान होते. शब्द फोडणाऱ्या प्रत्येक यंत्राला हाच प्रसंग रोज येतो.

१०/२४
एस्पेरान्तोला यंत्रापाशी नेणारा पहिला माणूस सोव्हिएत होता. प्योत्र त्रोयान्स्की यांनी १९३३ साली भाषांतर-यंत्राचे पेटंट मिळवले. कल्पना अशी: मूळ भाषा जाणणारा माणूस वाक्यातील प्रत्येक शब्द मूळ रूपात आणून त्याचे वाक्यातील काम खुणेने दाखवील, यंत्र ते दुसऱ्या भाषेत नेईल आणि ती भाषा जाणणारा माणूस वाक्य नीट बसवील. या खुणांसाठी त्रोयान्स्की यांनी एस्पेरान्तोच्या व्याकरणाचा आधार घेतला. १९५० मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे काम जवळजवळ विस्मृतीत गेले होते. त्याचे महत्त्व ओळखले गेले ते त्याच दशकाच्या उत्तरार्धात.

११/२४
दरम्यान संगणक आला. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये जॉर्जटाऊन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी ६ नियम व २५० शब्दांच्या बळावर रशियन वाक्यांचे इंग्रजी करून दाखवले आणि आशा उंचावल्या. १९६६ साली अमेरिकेतील ‘अल्पॅक’ समितीच्या अहवालाने त्या जमिनीवर आणल्या. सरकारी निधी आटला. त्यानंतरच्या काळात ‘मध्ये एक स्वच्छ, नियमबद्ध भाषा ठेवली तर?’ हा विचार अधिक आकर्षक वाटू लागला.

१२/२४
उत्रेख्तमधील ‘बीएसओ’ या कंपनीत तोन वित्काम यांनी हाच विचार हाती घेतला. प्रकल्पाचे नाव ‘डिस्ट्रिब्यूटेड लँग्वेज ट्रान्स्लेशन’, संक्षेपाने ‘डीएलटी’. युरोपीय समुदायाच्या साहाय्याने आधी व्यवहार्यतेचा अभ्यास झाला आणि पुढे डच अर्थमंत्रालयाचे अनुदान मिळाले. युरोपातील अनेक भाषांच्या प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारण्याऐवजी प्रत्येक भाषा एस्पेरान्तोशी जोडायची, असा बेत होता.

१३/२४
या प्रकल्पाची मांडणी पाहिली की १८८७ चे पाकीट आठवते. पाठवणाऱ्याच्या संगणकावर मजकुराचे एस्पेरान्तो होणार, तारेवरून प्रवास एस्पेरान्तोचा होणार आणि घेणाऱ्याच्या संगणकावर तिचे फ्रेंच किंवा आणखी काही होणार. पत्र एस्पेरान्तोत आणि किल्ली घेणाऱ्याच्या घरी, ही झामेनहॉफ यांचीच योजना होती. फरक इतकाच की वापरणाऱ्या दोघांनाही मध्ये एस्पेरान्तो आहे याचा पत्ता लागणार नव्हता.

१४/२४
अडचण कुठे आली? एस्पेरान्तोच्या व्याकरणात नव्हे. अडचण त्या व्याकरणापर्यंत पोहोचण्याची होती. मराठी उदाहरण घेऊ: ‘त्याने कर जोडले’ आणि ‘त्याने कर भरले’. दोन्ही वाक्यांची घडण एकच. एस्पेरान्तोत हातासाठी ‘मानो’ आणि सरकारी करासाठी ‘इम्पोस्तो’ असे दोन स्वच्छ शब्द आहेत. पण कोणता निवडायचा? एस्पेरान्तो कितीही नेटकी असली तरी त्या निवडीत ती मदत करू शकत नाही. जोडतात ते हात आणि भरतात तो कर, हे मराठी बोलणाऱ्यांच्या वापरातून कळते.

१५/२४
प्रकल्पातील संशोधकांनी हे प्रामाणिकपणे ओळखले, ही त्यांची थोरवी. १९८९ च्या सुमारास व्हिक्टर सॅडलर यांनी नवा पाया सुचवला: माणसांनी केलेली भाषांतरे मुळासह शेजारी शेजारी साठवायची आणि नव्या वाक्यासाठी जुन्या वाक्यांचा दाखला शोधायचा. नियमांवरच्या विश्वासातून सुरू झालेला प्रकल्प लिखित मजकुराच्या साठ्याकडे वळला. तो बाजारात उतरणारे साधन न देताच थांबला. पण त्याने जी दिशा ओळखली, त्याच दिशेने पुढे सारे क्षेत्र गेले.

१६/२४
२२ फेब्रुवारी २०१२ रोजी गूगल ट्रान्सलेटमध्ये एस्पेरान्तो आली. ती तेथील चौसष्टावी भाषा. त्या काळी ही यंत्रणा उपलब्ध भाषांतरांच्या संख्याशास्त्रावर चालत असे. जर्मन किंवा स्पॅनिशसाठी एस्पेरान्तोच्या शंभर पटींहून अधिक साहित्य हाती होते, तरीही एस्पेरान्तोची भाषांतरे अनपेक्षितपणे चांगली उतरली, असे खुद्द त्या चमूने नमूद केले. माणसाला शिकायला सोपी म्हणून रचलेली भाषा यंत्रालाही सोपी जात असावी, असे त्यांचे अनुमान होते.

१७/२४
म्हणजे नियमबद्धतेचा उपयोग नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अपवाद नसल्याने थोड्या उदाहरणांतून पुष्कळ शिकता येते. कमी तांदळात अधिक जणांचे भागते. पण तांदूळच नसेल तर चूल कितीही चांगली असून काय होणार? २०१२ मध्ये यंत्रापुढे एस्पेरान्तोचा थोडा का होईना, पण खरा मजकूर होता. तो कोठून आला, हा या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे.

१८/२४
तो आला सव्वाशे वर्षे विनामोबदला लिहिणाऱ्यांकडून. झामेनहॉफ यांनी १८९४ साली ‘हॅम्लेट’ एस्पेरान्तोत आणले. अंतोनी ग्राबोव्स्की यांनी ‘पान तादेउश’ हे पोलिश महाकाव्य १९१८ मध्ये आणले. झामेनहॉफ यांची कन्या लिदिया यांनी १९३३ मध्ये ‘क्वो वादिस’ ही कादंबरी आणली. पुढे मासिके आली, पत्रव्यवहार झाला आणि २००१ पासून विकिपीडिया आला. त्यात आज तीन लाखांहून अधिक लेख आहेत.

१९/२४
या लेखनाची किंमतही मोजावी लागली. सोव्हिएत एस्पेरान्तो चळवळीचे अग्रणी एर्नेस्त द्रेझेन यांना १९३७ च्या दमनसत्रात गोळ्या घालण्यात आल्या. झामेनहॉफ यांची तिन्ही मुले नाझींच्या हातून मारली गेली: आदाम १९४० मध्ये, झोफिया आणि लिदिया १९४२ मध्ये त्रेब्लिंका येथे. आज कळ दाबताच पडद्यावर एस्पेरान्तोचे भाषांतर उमटते, तेव्हा त्यामागच्या मजकुरात अशा माणसांच्या पिढीचे श्रम आहेत. त्याचे श्रेय ‘१६ नियमां’च्या खात्यावर जमा करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

२०/२४
साधनेही याच लोकांनी घडवली. एस्पेरान्तोत डोक्यावर खुणा असलेली सहा अक्षरे आहेत. जुन्या संगणकांवर ती मिळत नसत, म्हणून लोक अक्षरापुढे ‘एक्स’ लावून भागवत आणि छोटे प्रोग्राम लिहून तो मजकूर पुन्हा शुद्ध करत. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये अडकलेला मजकूर ज्यांनी सोडवला आहे, त्यांना ही कटकट वेगळी सांगायला नको. पुढे ‘रेता वोर्तारो’ हा जाळ्यावरचा कोश आणि ‘तेक्स्तारो’ हा शोधता येणारा ग्रंथसंग्रह उभा राहिला. शब्दाचा नेमका अर्थ प्रत्यक्ष वाक्यांतून पडताळण्याची सोय त्यामुळे झाली.

२१/२४
याच्या उलट उदाहरण व्होलाप्युकचे. योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूंनी ही भाषा एस्पेरान्तोच्या आधी रचली आणि ती काही वर्षे गाजलीही. पण बदलांवर अंतिम अधिकार आपलाच, असा त्यांचा आग्रह होता. १८८९ नंतर चळवळ फुटली. झामेनहॉफ यांनी मात्र पहिल्याच पुस्तकात भाषेवरचा आपला हक्क सोडून ती समाजाची केली होती. २००७ साली व्होलाप्युकच्या विकिपीडियात एका प्रोग्रामच्या साहाय्याने लेखांचा आकडा लाखापार नेण्यात आला. लेख वाढले, वाचणारे मूठभरच राहिले. माणसांनी न लिहिलेल्या मजकुराने भाषेला वाचक मिळत नाहीत.

२२/२४
भारतात ‘पाणिनीय दृष्टी’ने झालेले एक गंभीर काम या संदर्भात आठवण्याजोगे आहे. विनीत चैतन्य, राजीव संगल आणि सहकाऱ्यांनी कानपूरच्या आयआयटीत सुरू केलेल्या ‘अनुसारक’ने तेलुगू, कन्नड, बंगाली, पंजाबी आणि मराठी मजकूर हिंदी वाचकाला वाचता यावा अशी सोय केली. सुबक भाषांतराचा दावा त्यात नव्हता. यंत्राने घटक उलगडून द्यायचे आणि उरलेला अर्थ वाचकाने लावायचा, अशी वाटणी होती. झामेनहॉफ यांच्या किल्लीशी हे नाते जवळचे आहे. येथे पाणिनी घोषणेपुरता उरला नाही, कामाला आला.

२३/२४
संस्कृतचेही तेच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचे काम चालू आहे. सुमारे १५०० ग्रंथ वाचून, शब्दाचा प्रत्येक वापर चिठ्ठीवर टिपून अभ्यासकांच्या पिढ्यांनी तो साठा जमवला. उद्या एखादे यंत्र ‘मोदकैः’ची फोड अचूक करील, तर ते अशा चिठ्ठ्यांच्या आणि काळजीपूर्वक टंकित केलेल्या ग्रंथांच्या जोरावर. ‘नासाने सिद्ध केले’ हा संदेश लाखो वेळा पुढे पाठवूनही त्या साठ्यात एका चिठ्ठीची भर पडत नाही. उलट, काम झालेच आहे असा भ्रम मात्र पसरतो.

२४/२४
एस्पेरान्तोच्या परीक्षेचा निकाल असा: काटेकोर व्याकरण यंत्राचे श्रम वाचवते, पण अर्थ शिकवतो तो माणसांनी केलेला वापर. एकाच माणसाने रचलेल्या भाषेलाही हे चुकले नाही. मराठीपुढचे काम त्यामुळे स्पष्ट आहे. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आज जाळ्यावर शोधता येतात, कारण कोणीतरी बसून ते संगणकात आणले. जुनी नियतकालिके, बोलींतील लेखन, घरोघरचे कागद अजून वाट पाहत आहेत. भाषेचा अभिमान वाहायचा असेल तर त्यातील एक पान शुद्ध टंकित करून सर्वांसाठी खुले करावे. (समाप्त)